डोक्यातलं पाणी जमिनीवर

मार्चमधली दुपार. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गाव बसलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीनं तळ दाखवला होता आणि आता करायचं काय, हा प्रश्न होता. नवा बोअर मारायचा, विहीर आणखी दोन परस खाली न्यायची, की टँकर मागायचा? दीड तास झाला, आवाज चढत गेले. शेवटी एक तरुण बागायतदार खांद्यावरचा टॉवेल झटकून उठला. "आबा, तुम्हाला पाण्यातलं काही कळत नाही," असं म्हणून चालता झाला. आबा सत्तरीच्या पुढचे. गावातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या डोळ्यांदेखत खणलेल्या. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी पुन्हा तोंडही उघडलं नाही.

मी भूजलाचं काम करते. भूशास्त्र शिकले आणि गेली २२ वर्षं पुणे-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात विहिरी मोजत हिंडते आहे. त्या बैठकीत मीही बोलले होते. भिंतीवर पांढरी चादर लावून खडकाचे थर दाखवले, उपशाचे आकडे सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भांडण होतं तिथंच राहिलं. रात्री ज्या घरी मुक्काम होता तिथल्या मावशी भाकरी थापताना म्हणाल्या, "ताई, तुम्ही ते निळं पाणी दाखवलंत ते कुठलं? आमच्या विहिरीत तर तसं कुठं दिसत नाही."

त्या एका वाक्यानं माझं काम बदललं. गावात ५० माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यातलं पाणी वेगळं होतं. माझ्याही. आम्ही सगळे 'पाणी' हा एकच शब्द वापरत होतो, म्हणून एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटत होतं.

मनातला नकाशा

केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, 'द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन'. त्यातला मुख्य विचार साधा आहे. बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती माणूस डोक्यात बाळगतो. काही करण्याआधी तो ते त्या प्रतिकृतीत करून बघतो आणि मग ठरवतो. क्रेक १९४५ मध्ये केंब्रिजच्या रस्त्यावर सायकलच्या अपघातात गेला, अवघ्या ३१व्या वर्षी. त्याचा विचार मात्र टिकला. पुढे या प्रतिकृतीला 'मेंटल मॉडेल' हे नाव रूढ झालं. मी गावात 'मनातला नकाशा' म्हणते. ते लगेच कळतं.

हा नकाशा आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यातूनच बघत असतो. म्हणून समोरच्याचा नकाशा वेगळा आहे असं न वाटता, तो हट्टी आहे किंवा त्याला कळत नाही, असं वाटतं. सभामंडपात नेमकं हेच झालं होतं.

पुढच्या खेपेला मी प्रोजेक्टर नेला नाही. फक्कीची एक गोणी, गेरू, थोडे विटांचे तुकडे आणि शेरभर चिंचोके नेले. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण झाडून घेतलं आणि गावाला चार गटांत बसवलं: विहीरवाले, बोअरवाले, वरच्या वस्तीवरचे मेंढपाळ आणि पाणी भरणाऱ्या बाया. सगळ्यांना एकच प्रश्न दिला: आपल्या गावात पाणी येतं कुठून आणि जातं कुठं? गटागटानं, एकमेकांचं न बघता काढा.

जमिनीवर गावानं गावाचं चित्र काढायची ही रीत माझी नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारखे अभ्यासक आणि भारतातल्या काही ग्रामीण संस्था यांनी ती रुजवली. तिचा मुख्य नियम एकच, काठी गावाच्या हातात द्यायची. खडू, फक्की, काठी, जे काही असेल ते गावाचं चित्र पुरं होईपर्यंत बाहेरून आलेल्यानं हातात धरायचं नाही.

चार चित्रं, चार गावं

दीड तासानं पटांगणावर चार गावं उभी राहिली.

आबांच्या गटानं ओढ्याला धरून विहिरी मांडल्या आणि प्रत्येक विहिरीत झऱ्याची दिशा दाखवली. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे जमिनीतून चालणारी धार. ती ज्याच्या रानात निघाली त्याचं नशीब, तिच्यावर दुसऱ्याचा हक्क कसा सांगणार? बोअरवाल्यांनी सरळ खाली जाणाऱ्या रेघा ओढल्या आणि तळाशी मोठं गोल तळं काढलं. वर पाणी नसलं तरी खाली आहेच, जितकं खोल जाल तितकं जास्त. मेंढपाळांच्या चित्रात विहिरी नव्हत्याच. त्यांनी डोंगर काढला, गवत काढलं आणि डोंगर उघडा पडल्यापासून ओढा किती दिवस वाहतो ते दाखवलं. पूर्वी तो संक्रांतीपर्यंत वाहायचा, आता दिवाळीलाच आटतो.

बायांचं चित्र बघायला मात्र सगळे पुरुष उठून आले. त्यांनी महिने मांडले होते. एका ओळीत आषाढ ते जेठ, प्रत्येक महिन्यापुढं चिंचोके. चिंचोका म्हणजे पाण्याची खेप आणि विटेचा तुकडा म्हणजे त्यासाठी चालावं लागणारं अंतर. श्रावणात चिंचोके भरपूर आणि वीट एकही नाही. होळीनंतर चिंचोके संपत आलेले आणि विटांचा ढीग. गावात वर्षानुवर्षं विहिरीच्या पातळीची नोंद नाही, असं मी माझ्या अहवालात लिहिलं होतं. ती नोंद होती, बायांच्या पायात.

माझा नकाशा मी शेवटी काढला, पाचवा म्हणून. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग ज्या बेसॉल्टवर बसलाय तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेला. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि मांजऱ्या खडक. मधला काळा पाषाण पाणी धरत नाही, त्यात भेगा असतील तिथूनच ते सरकतं. म्हणजे आबांचे झरे खरे आहेत, त्या भेगाच आहेत. पण खाली अथांग तळं नाही. आणि एकाच थरात उतरलेल्या दोन विहिरी म्हणजे एका घागरीत घातलेल्या दोन नळ्या.

हे मी भिंतीवरच्या चादरीवरही सांगितलं होतं. फरक इतकाच की या वेळी माझं चित्र त्यांच्या चित्रांच्या शेजारी जमिनीवर होतं आणि त्यावर बोट ठेवून मला प्रश्न विचारता येत होते.

बाणावर क्रियापद

चित्रं वेगवेगळी आहेत हे दिसलं, पण एवढ्यानं निर्णय होत नाही. ती एकत्र बांधावी लागतात. त्यासाठी मला एका फ्रेंच पद्धतीचा फार उपयोग झाला. मिशेल एतिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आर्डी' नावाची ही पद्धत बसवली आणि २०११ मध्ये ती सविस्तर मांडली. तिच्यात चार प्रश्न क्रमानं विचारायचे. या प्रश्नात कोण कोण आहे? त्यांच्या हाताशी कोणती साधनं आहेत? माणसांमुळे आणि निसर्गामुळे कोणते बदल होत राहतात? आणि हे सगळं एकमेकांशी कसं जोडलंय? चौथ्या प्रश्नाला एक अट आहे. दोन गोष्टींमध्ये नुसता बाण काढून भागत नाही, त्यावर क्रियापद लिहावं लागतं.

ही अट क्षुल्लक वाटते, पण सगळी जादू तिच्यात आहे. 'बोअर' आणि 'गावाची विहीर' यांच्यामध्ये कुणीतरी बाण काढला. मी विचारलं, "बोअर विहिरीचं काय करतो?" आबांच्या गटातून आलं, 'आटवतो'. बोअरवाले म्हणाले, "काही करत नाही, ते पाणी वेगळं." देवळातलं भांडण पुन्हा पेटणार असं वाटलं, पण या वेळी दोन्ही बाजू एकमेकांकडे न बघता जमिनीवरच्या बाणाकडे बघत होत्या. तोच टॉवेलवाला दादा म्हणाला, "मग मोजू या की. दोन दिवस आमचे तिन्ही बोअर बंद ठेवतो."

ठेवले. गावाच्या विहिरीत दोरीला गाठी मारून आम्ही दर चार तासांनी पातळी घेतली. शाळेतली मुलं वहीत आकडे लिहीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी दीड हात वर आलं. बोअर चालू केले तसं ते पुन्हा उतरलं. दादा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिला. मग पटांगणात येऊन त्यानंच बाणावर गेरूनं लिहिलं: 'ओढतो'. 'आटवतो' हा आरोप होता, 'ओढतो' ही गोष्ट होती. ती दोन्ही बाजूंनी मान्य केली.

गटानं निर्णय घेताना मनातले नकाशे कशासाठी मांडायचे, याचं माझं उत्तर हेच आहे. माणसाशी असलेला वाद एका बाणाशी येऊन थांबतो. आणि बाण तपासता येतो.

गोल कुणाला दिसतो

रॉबर्ट अॅक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाच्या संपादनाखाली १९७६ मध्ये 'स्ट्रक्चर ऑफ डिसिजन' हे पुस्तक आलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इराणबाबत काय धोरण ठेवायचं यावर ब्रिटिश सरकारच्या ईस्टर्न कमिटीत चर्चा झाल्या होत्या. त्यांची शब्दशः टिपणं घेऊन प्रत्येक सदस्याच्या बोलण्यातले कार्यकारणभाव त्यात बाणांनी मांडले आहेत: अमुक वाढलं की तमुक वाढतं, अमुक वाढलं की तमुक घटतं. ही मोठी अनुभवी माणसं होती. पण त्यांच्या नकाशांत एक गोष्ट जवळजवळ नव्हतीच. एखादं कारण फिरून पुन्हा स्वतःपाशी येतं असा गोल कुणाच्या बोलण्यात फारसा सापडेना. बाण सुटायचे आणि पुढं पुढं जायचे.

हे वाचलं तेव्हा मला पटांगण आठवलं. चार गटांच्या चारही चित्रांत असा गोल नव्हता. ती एकत्र जोडली तेव्हा तो निघाला आणि तो दिसला मेंढपाळांच्या वस्तीवरच्या एका सुनेला. ती काठाला उभी होती. तिनं काठीनं एकेक बाण दाखवला. पाणी खाली गेलं, म्हणून बोअर आणखी खोल. त्यासाठी सावकाराचं नाहीतर सोसायटीचं कर्ज. ते फेडायला पैसा देणारं पीक, म्हणजे ऊस. ऊस आला की उपसा वाढला. उपसा वाढला की पाणी आणखी खाली. "हे तर घाण्यासारखं फिरतंय," ती म्हणाली, "आणि बैल आपणच."

या गोलाचा प्रत्येक तुकडा गावात कुणाला ना कुणाला ठाऊक होता. कर्जाचा भाग बोअरवाल्यांना, पातळीचा आबांना, उन्हाळ्यातल्या वणवणीचा बायांना. पूर्ण गोल कुणा एकाच्या डोक्यात नव्हता. 'जास्त खोल जा' हा उपाय म्हणून मांडला जात होता, आणि तोच आजाराचा भाग आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं. त्यानंतर नव्या बोअरचा विषय कुणी काढला नाही.

मग हिशेबाला बसलो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिलिमीटर पडला तर ५०० कोटी लिटर. हा आकडा ऐकून माणसं सुखावतात, पण त्यातलं बरंचसं वाहून जातं, उन्हानं उडतं, आणि आपल्या खडकात मुरतं ते थोडं. त्यातून उसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर. ज्वारीला ४५० ते ६५०, म्हणजे ४५ ते ६५ लाख. गावातल्या मुलांनी ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर केली. आधी चित्र नसतं तर हेच आकडे पुन्हा माझ्या भिंतीवरच्या चादरीवरच राहिले असते.

हे फक्त एका गावाचं नाही

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट मराठी वाचकांना नवी नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, झाडं लावली, बंधारे झाले. माझ्या दृष्टीनं तिथली सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याचा ताळेबंद ही आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, आणि यंदा रब्बीला कोणती पिकं झेपतील हे ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, हे नियम तिथं टिकले, कारण त्यामागचं चित्र सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं सात जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक वस्त्यांमध्ये शेतकरी स्वतः पाऊस आणि विहिरी मोजत होते. पेरणीआधी एकत्र बसून पीक-पाण्याचा हिशेब मांडत होते. कोण काय पेरणार यावर सक्ती नव्हती, आकडे मात्र सगळ्यांचे एकच होते.

फार दूरचं, पण मला अतिशय मोलाचं वाटणारं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी ते जगापुढं आणलं. लॉस एंजेलिसजवळच्या रेमंड खोऱ्यात पासादेना शहरानं १९३७ मध्ये शेजारच्या उपसा करणाऱ्यांवर दावा लावला. कोर्टानं सरकारी जलविभागाकडून संपूर्ण खोऱ्याची तपासणी करवली. त्या अहवालानं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर एकच चित्र ठेवलं: पाणी किती, कोण किती काढतो, किती जास्त काढलं जातंय. त्यानंतर एक पक्ष वगळता सगळ्यांनी आपापला उपसा सुमारे एक तृतीयांशानं कमी करायचं आपापसात मान्य केलं आणि १९४४ मध्ये त्यावर निकालाची मोहर उठली. जी माणसं कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी होती, तीच तडजोडीला बसली.

जिथं चित्र पुरत नाही

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नकाशा मांडला की सगळे एक होतात असं नाही. काही मतभेद समजुतीचे असतात, ते चित्रानं सुटतात. काही हिताचे असतात. ते चित्रानं सुटत नाहीत, फक्त उघडे पडतात. आमच्या गावात ठरलं: गावाच्या विहिरीच्या आसपासचे बोअर होळीपासून मृगापर्यंत बंद, नवा ऊस नाही, विहिरीतला गाळ काढायचा, डोंगरावर चर खणायचे. एका मोठ्या बागायतदारानं ते मानलं नाही. त्याला सगळं नीट कळलं होतं आणि तरीही त्यानं नाही म्हटलं. पण गावाला आता नेमकं कुठं आणि का अडलंय ते ठाऊक होतं, आणि पुढची बोलणी त्यावर झाली.

दुसरा धोका मोठा आहे. एकत्र चित्र काढायला लागलं की ज्याचा आवाज मोठा त्याचाच बाण जमिनीवर उमटतो, आणि मग ते 'गावाचं चित्र' म्हणून मिरवतं. म्हणून आधी वेगवेगळी चित्रं, मग एकत्र. हा क्रम मी आता कधीही सोडत नाही. पूर्वी एकदा एका गावात वेळ कमी होता म्हणून मी तो सोडला होता. सरळ एकत्र चित्र काढून घेतलं आणि त्यावर झालेला निर्णय एक पावसाळासुद्धा टिकला नाही. ज्या बायांना रोज पाणी भरायचं होतं त्यांची एकही रेघ त्या चित्रात नव्हती. ती चूक माझी होती.

आणि नकाशा शिळा होतो. पाऊस बदलतो, पिकं बदलतात, माणसं बदलतात. आमच्या गावात दरवर्षी पावसाळा संपला की पटांगण पुन्हा झाडलं जातं.

ही रीत फक्त पाण्यासाठी नाही. तुमच्या गृहनिर्माण सोसायटीत पुनर्विकासावरून दोन तट पडले असतील. शाळेच्या व्यवस्थापन समितीत मुलं का गळतात यावर एकमत नसेल. चार भावंडांत आईवडिलांच्या आजारपणाचा निर्णय अडला असेल. तिथंही हेच करून बघा. प्रश्न एका वाक्यात लिहा. प्रत्येकाला एकट्यानं दहा मिनिटं द्या: कोण कोण आहे, काय काय आहे, कशामुळे काय होतं. मग कागद शेजारी शेजारी ठेवा. बाणांवर क्रियापदं लिहा. ज्या बाणावर दोघांची क्रियापदं वेगळी, त्याला वर्तुळ करा. बहुतेक बाण जुळतील, वर्तुळं थोडी निघतील. मग फक्त त्यांवर बोला, आणि मोजता येईल ते मोजून या.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. पाऊस तेव्हा सरत आलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. पाण्याचा निर्णय घ्यायला वर्षात याहून चांगला दिवस नाही. मार्चमध्ये फक्त भांडण उरतं. या वर्षी त्या दिवशी फक्कीची एक गोणी घेऊन जा. पटांगण झाडून घ्या. आणि पहिली रेघ ओढायला काठी त्या बाईच्या हातात द्या, जी रोज पाणी भरते आणि सभेत आजवर कधी बोललेली नाही.